चारशे खुर्च्यांचा हॉल आणि घरातला पडदा: छोट्या रेसलिंग कंपन्यांचा ऑनलाइन धंदा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की व्याख्यानाला रेसलिंग, आणि तीही अमेरिकेतली ठरवून केलेली रेसलिंग, हा काय विषय झाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकू. ज्याच्यामागे मोठा चॅनेल नाही, मोठा भांडवलदार नाही, अशा छोट्या संस्थेला आपला जिवंत कार्यक्रम इंटरनेटवर तिकीट लावून विकता येतो का? आणि विकला, तर पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो? हा प्रश्न आज नाटकवाल्यांना आहे, गायकांना आहे, व्याख्यानमालांनाही आहे. अमेरिकेतल्या छोट्या रेसलिंग कंपन्यांनी तो पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अंगावर घेतला. त्यांच्या हातून काय जमलं आणि काय फसलं, हे बघितलं तर आपल्याला बरंच कळतं.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. रेसलिंगच्या धंद्यात "प्रमोशन" म्हणजे बढती नव्हे आणि जाहिरातही नव्हे. हॉल घेऊन, रिंग उभारून, रेसलर बोलावून कार्यक्रम भरवणारी कंपनी, तिला प्रमोशन म्हणतात. आपल्याकडे दंगलीचा ठेकेदार असायचा, तसा हा प्रमोटर. दुसरा शब्द "पे-पर-व्ह्यू". महिन्याच्या वर्गणीत न येणारा, त्या एका रात्रीसाठी वेगळे पैसे भरून बघायचा कार्यक्रम. तोच केबलऐवजी इंटरनेटवरून आला की त्याला आयपीपीव्ही म्हणायला लागले.

हा खेळ आपल्याला अगदी अनोळखी नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्री स्टाइल कुस्त्या बघितलेली पिढी आता थकली. पण नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघणारी, शाळेच्या दप्तरात रेसलरच्या पत्त्यांचा कॅट बाळगणारी पिढी आज चाळिशीत आहे, आणि तिच्यातले बरेच जण हे ऐकत असतील. मात्र आज आपण बोलणार आहोत ते त्या मोठ्या कंपनीबद्दल नाही. शाळेची जिम, क्लबचा हॉल, जुनी बिंगो खेळायची जागा, अशा ठिकाणी तीन-चारशे लोकांसमोर कार्यक्रम करणाऱ्या छोट्या कंपन्यांबद्दल बोलणार आहोत.

निकाल ठरलेला, मग थेट बघायचं कशाला?

पहिली शंका हीच येते. क्रिकेटचा सामना थेट बघतो कारण निकाल कुणालाच माहीत नसतो. इथे तर कोण जिंकणार हे "बुकर" नावाचा माणूस आधीच ठरवतो. मग दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बघितलं तर काय बिघडलं?

आपण नाटकाचं उदाहरण घेऊ. नाटकाचा शेवट लेखकाने लिहून ठेवलेला असतो, पण म्हणून आजचा प्रयोग आधी झालेला नसतो. नट अडखळेल का, प्रेक्षक कुठे हसेल, कुठे सुन्न होईल, हे त्या रात्रीच कळतं. रेसलिंगमध्ये तर प्रेक्षक हा अर्धा खेळ असतो. त्यात उंचावरून पडणारं शरीर खरं असतं. पडायचं कसं हे शिकवलेलं असतं, पण जमीन काही नाटकातली नसते.

शिवाय बघणाऱ्याला निकाल माहीत नसतो, आणि त्याला तो आधी कळला तर मजा जाते. पूर्वी छोट्या कंपन्या व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडी विकायच्या. कार्यक्रम झाल्यावर संपादन, छपाई, टपाल यात काही आठवडे जायचे. तोवर निकाल इंटरनेटवर सगळीकडे झालेले असायचे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू पडायची ती शिळी होऊन. थेट प्रक्षेपणाने हा शिळेपणा काढून टाकला. छोटा प्रमोटर ऑनलाइन विकतो तो मुख्यतः हा ताजेपणा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

केबलच्या दारातला पहारेकरी

इंटरनेटच्या आधी पे-पर-व्ह्यू म्हणजे केबल किंवा सॅटेलाइट. प्रेक्षकाने केबल कंपनीला फोन करायचा, पैसे बिलात लागायचे. त्या पैशात केबल कंपनीचा वाटा, मध्ये वितरकाचा वाटा, आणि उरलेलं प्रमोटरला; तेही लगेच नाही, कित्येक आठवड्यांनी, हप्त्यांनी. आणि मुळात तुमचा कार्यक्रम दाखवायचा की नाही, हे ठरवणार केबलवाले.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यूचं. दक्षिण फिलाडेल्फियातल्या एका बिंगो हॉलमध्ये ही कंपनी कार्यक्रम करायची आणि पॉल हेमन ती चालवायचे. त्यांचा प्रेक्षक कडवा, खेळ रक्तबंबाळ. पे-पर-व्ह्यूवर यायचं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. पण नोव्हेंबर 1996 मध्ये त्यांच्या एका कार्यक्रमात कसलंही प्रशिक्षण नसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला रिंगमध्ये उतरवलं गेलं आणि त्याला गंभीर जखम झाली. त्यानंतर पे-पर-व्ह्यू वाल्यांनी हात आखडता घेतला. इथे पहारेकऱ्याचं चुकलं असं म्हणता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पुढे चाहत्यांनी पत्रं लिहिली, बोलणी झाली, आणि 13 एप्रिल 1997 रोजी "बेअरली लीगल" हा त्यांचा पहिला पे-पर-व्ह्यू झाला. त्या रात्री 52 वर्षांचे टेरी फंक विजेते ठरले. कार्यक्रम संपल्यावर काही क्षणांतच तिथली वीज गेली, असं त्या कंपनीचे लोक नंतर सांगत आले आहेत. पाच मिनिटं आधी गेली असती तर कंपनीच बुडाली असती.

बुडाली ती चार वर्षांनी. 2001 च्या एप्रिलमध्ये ईसीडब्ल्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज मोठं होतंच, पण त्या कागदपत्रांत पे-पर-व्ह्यू वितरकाकडून येणं असलेली आठ लाख डॉलरहून अधिकची रक्कमही दाखवलेली होती. कार्यक्रम होऊन गेले, लोकांनी पैसे भरले, रेसलर घरी गेले, आणि पैसा मध्येच कुठेतरी.

कॅसेटपासून थेट प्रक्षेपणापर्यंत

ईसीडब्ल्यू बंद पडल्यावर तिच्या कॅसेट विकणाऱ्या एका व्हिडिओ कंपनीकडे विकायला नवा माल राहिला नाही. त्या गरजेतून फिलाडेल्फियातच "रिंग ऑफ ऑनर" ही कंपनी निघाली. पहिला कार्यक्रम 23 फेब्रुवारी 2002 चा, एका साध्या रिक्रिएशन सेंटरमध्ये. शेवटच्या तिरंगी लढतीत लो की, ख्रिस्तोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियलसन होते. डॅनियलसन पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत डॅनियल ब्रायन म्हणून जगभर माहीत झाले. सीएम पंक, सेथ रॉलिन्स, केविन ओवेन्स हेही याच कंपनीतून वर आले. म्हणजे छोटी कंपनी हे या खेळाचं गुरुकुल आहे, असं म्हणायला हरकत नाही.

2007 मध्ये रिंग ऑफ ऑनर केबल पे-पर-व्ह्यूवर आली, पण ते कार्यक्रम आधी चित्रित करून मग दाखवायचे. थेट नव्हते. 19 डिसेंबर 2009 ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधला "फायनल बॅटल" त्यांनी इंटरनेटवर थेट दाखवला. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठं हिमवादळ होतं. बाहेर बर्फ पडत होता, आणि दुसऱ्या राज्यातला किंवा देशातला माणूस घरात बसून तोच कार्यक्रम त्याच वेळी बघत होता. शेवटची लढत ऑस्टिन एरीज आणि टायलर ब्लॅक यांची. टायलर ब्लॅक म्हणजे आजचे सेथ रॉलिन्स. ती साठ मिनिटं चालली आणि बरोबरीत सुटली. पैसे भरून तासभर बसायचं आणि निकाल नाही! पुष्कळ लोक चिडले. पण केबलवाल्यांच्या दारात न जाता हे करता येतं, हे त्या रात्री दिसलं.

मग इतरही आले. "ड्रॅगन गेट यूएसए" आणि "इव्हॉल्व" या कंपन्यांनी हाच रस्ता धरला. फिलाडेल्फियाच्या "चिकारा"ने, जिचे रेसलर मुंग्यांचे आणि कॉमिकमधल्या पात्रांचे मुखवटे घालायचे, 13 नोव्हेंबर 2011 ला "हाय नून" हा आपला पहिला आयपीपीव्ही केला. त्यासाठी त्यांनी आधी एक स्पर्धा चालवून आपला पहिला ग्रँड चॅम्पियन त्या रात्री ठरवला. यात एक शहाणपण आहे. लोकांनी खिशात हात घालावा असं वाटत असेल, तर त्या रात्री काहीतरी कायमचं घडलं पाहिजे. दर महिन्याला "ऐतिहासिक रात्र" म्हणून चालत नाही.

तुटतं कुठे?

आता जरा यंत्राच्या पोटात डोकावू. रिंगभोवती तीन-चार कॅमेरे. त्यांची चित्रं एका स्विचरवर येतात, तिथे बसलेला माणूस कुठलं चित्र दाखवायचं ते निवडतो. ते चित्र एन्कोडर नावाचं यंत्र आवळून लहान करतं आणि इंटरनेटवरून सर्व्हरला पाठवतं. सर्व्हरवरून ते हजारो घरांत वाटलं जातं.

यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे हॉलमधून बाहेर पडणारी पहिली तार. पुढे मोठ्या कंपन्यांची मजबूत यंत्रणा असते. पण हॉल कुठला? शाळेचा, नाहीतर माजी सैनिकांच्या क्लबचा. तिथे इंटरनेट असतं ते ऑफिसमधला ई-मेल बघण्यापुरतं. चांगलं चित्र पाठवायला सेकंदाला चार-पाच मेगाबिट सलग लागतात, आणि सुरक्षित राहायचं तर त्याच्या दुप्पट क्षमता हवी. बरं, दुपारी चाचणी घेतली तेव्हा हॉल रिकामा होता. संध्याकाळी चारशे लोक आले, चारशे मोबाइल आले, सगळे व्हिडिओ चढवायला लागले. दुपारी नीट चाललेलं रात्री गुदमरतं. म्हणून शहाणे लोक प्रक्षेपणासाठी वेगळी तार टाकून घेतात, किंवा वेगवेगळ्या कंपन्यांची चार-पाच सिम एकत्र जोडणारं यंत्र भाड्याने आणतात.

दुसरा कच्चा दुवा पैसे घेण्याच्या खिडकीचा. लोक आठवडाभर आधी तिकीट काढत नाहीत. निम्मे लोक शेवटच्या अर्ध्या तासात येतात. एकदम हजार लोक लॉग-इन करायला लागले की साइट बसते. चित्र नीट चाललंय, पण पैसे भरलेला माणूस दाराबाहेर उभा. त्याच्या दृष्टीने प्रक्षेपण बंदच.

रिंग ऑफ ऑनरला हा मार चांगलाच बसला. 2012 च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या दोन रात्रींच्या कार्यक्रमात प्रक्षेपण अडखळलं. मग त्यांनी मे महिन्यातला टोरांटोचा कार्यक्रम स्वतःच्या वेबसाइटवरून दाखवायचं ठरवलं, आणि तिथेही अडचणी आल्या. गंमत बघा, त्याच रात्री केविन स्टीन, म्हणजे पुढचे केविन ओवेन्स, कॅनडात घरच्या प्रेक्षकांसमोर विजेते झाले. चाहते वर्षानुवर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो क्षण हॉलमध्ये घडला, आणि पैसे भरलेल्या अनेकांच्या घरी चित्र थांबलेलं. 2013 मध्ये कंपनीने थेट आयपीपीव्ही करणं थांबवलं, आणि जून 2014 मध्ये नॅशव्हिलच्या कार्यक्रमापासून केबल-सॅटेलाइटच्या थेट पे-पर-व्ह्यूवर गेली. म्हणजे ज्या पहारेकऱ्याला टाळायला निघाले होते, त्याच्याच दारात परत. कारण पहारेकरी पैसे घ्यायचा, पण त्याची तार तुटत नव्हती.

या खेळात आणखी एक विचित्र अडचण आहे. 2 जून 2013 ला चिकाराच्या एका आयपीपीव्हीमध्ये शेवटची लढत चालू असताना सुरक्षारक्षक घुसले, सेट मोडायला लागले आणि कार्यक्रम तिथेच संपला. तो कथेचा भाग होता. कंपनी मोठ्या उद्योगाने बंद पाडली, अशी ती गोष्ट होती, आणि चिकारा मे 2014 मध्ये परतली. कल्पना धाडसी होती. पण ज्या धंद्यात प्रक्षेपण खरंच बंद पडतं, तिथे पडदा काळा झाला तर प्रेक्षकाने काय समजायचं? ही गोष्ट आहे की बिघाड? अशा वेळी प्रेक्षकाचा विश्वास हेच भांडवल असतं, आणि ते जपून खर्च करावं लागतं.

एका रात्रीचा हिशोब

आता आपण एक काल्पनिक हिशोब मांडू. आकडे आमचे, समजण्यापुरते.

चारशे खुर्च्या, तिकीट 25 डॉलर, हॉल भरला: 10,000 डॉलर. खर्च बघा. हॉलचं भाडं 1,500. रिंगचा ट्रक आणि उभारणी 800. विमा आणि परवाना 700. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात ऍथलेटिक कमिशनचा परवाना लागतोच. अठरा रेसलर, सरासरी 200 प्रमाणे 3,600. त्यांचा प्रवास आणि मुक्काम 1,800. पंच, निवेदक, ध्वनी, दारावरची माणसं 800. बेरीज 9,200. उरले 800 डॉलर, तेही हॉल पूर्ण भरला तर.

आता थेट प्रक्षेपण जोडा. किंमत 15 डॉलर, घेणारे 250. झाले 3,750. प्लॅटफॉर्मने निम्मे ठेवले असं धरू. हातात 1,875. कॅमेरावाले, स्विचर, वेगळं इंटरनेट, समालोचक यांचे 1,800. उरले 75 डॉलर. एवढ्यासाठी सगळा आटापिटा!

पण पुढे बघा. कॅमेऱ्यांचा खर्च 100 लोकांसाठीही 1,800 आणि 600 लोकांसाठीही 1,800. सहाशे लोकांनी घेतलं तर 2,700 डॉलर सुटतात, म्हणजे हॉलच्या नफ्याच्या तिपटीहून जास्त. शंभरच लोकांनी घेतलं तर 1,050 डॉलरची खोट, हॉलचा नफाही गेला आणि वर खिशातून भर. आणि प्रक्षेपण तुटलं, शंभर जणांनी पैसे परत मागितले, तर 1,500 डॉलर परत द्यायचे, पण कॅमेरावाल्याला त्याचे द्यावेच लागतात. त्याने त्याचं काम केलेलं असतं.

म्हणून हे छोटे प्रमोटर एक युक्ती करतात. रेसलमेनिया ज्या शहरात असते, त्या आठवड्यात तिथेच आपलेही कार्यक्रम लावतात. जगभरचा चाहता तिथे आलेला असतो, हॉल भरतो, आणि घरी बसलेल्याचंही लक्ष त्या शहराकडे असतं. एकच रिंग, एकच कॅमेऱ्यांचा संच आणि एकच इंटरनेट दोन-तीन दिवस अनेक कंपन्यांना वापरता येतं. खर्च वाटला जातो. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर दुकानं लागतात, तसंच हे.

एक खर्च मात्र लोक विसरतात, तो गाण्यांचा. रेसलर रिंगकडे येताना एखादं प्रसिद्ध गाणं लावतो, हॉल डोक्यावर घेतो. हॉलमध्ये गाणं वाजवण्याचा परवाना वेगळा आणि तेच गाणं व्हिडिओसोबत विकण्याचा हक्क वेगळा. तो हक्क छोट्याला परवडत नाही. म्हणून नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं काढून दुसरंच काहीतरी घातलेलं असतं, आणि प्रवेशाची सगळी जान जाते.

डोकी कोण मोजतो?

24 फेब्रुवारी 2014 ला डब्ल्यूडब्ल्यूईने आपलं नेटवर्क सुरू केलं. महिन्याला 9.99 डॉलर, आणि त्यात रेसलमेनियासुद्धा. जो कार्यक्रम केबलवर पन्नास-साठ डॉलरना मिळायचा, तो दहा डॉलरच्या वर्गणीत आला. आता छोट्या कंपनीच्या एका रात्रीला पंधरा डॉलर द्यायचे म्हणजे गिऱ्हाईक विचार करणारच. मग छोट्यांनीही वर्गणीची वाट धरली, किंवा अनेक कंपन्या एका छताखाली आल्या.

2016 मध्ये दोन घटना घडल्या. एक, फाइट टीव्ही हा प्लॅटफॉर्म सुरू झाला, जिथे कुणीही प्रमोटर आपला कार्यक्रम विकायला ठेवू शकतो आणि तांत्रिक बाजू प्लॅटफॉर्म बघतो. पुढे त्याचं नाव ट्रिलर टीव्ही झालं. दुसरी, फ्लोस्पोर्ट्स या कंपनीने फ्लोस्लॅम ही रेसलिंगची वर्गणी सेवा काढली आणि इव्हॉल्वसारख्या कंपन्या चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएन गटाशी मोठा करार केला. वर्षभरात प्रकरण कोर्टात गेलं. करारापूर्वी सांगितलेले विक्रीचे आकडे फुगवलेले होते, असा फ्लोस्पोर्ट्सचा आरोप होता. आरोप खरा की खोटा यावर आम्ही बोलत नाही. आम्हाला त्यातलं एकच दाखवायचं आहे. हॉलमध्ये किती लोक आले हे रिंगमध्ये उभ्या असलेल्या रेसलरला दिसतं. ऑनलाइन किती लोकांनी पैसे भरले, हे फक्त पैसे घेणाऱ्याला दिसतं. त्या आकड्यावर करार ठरतात, वाटे ठरतात, आणि तो आकडा बाहेरच्या कुणालाही तपासता येत नाही.

छोट्यांची ताकद किती असू शकते, हे 1 सप्टेंबर 2018 ला दिसलं. रिंग ऑफ ऑनरला दहा हजार तिकिटं विकता येतील का, अशी शंका एका रेसलिंग पत्रकाराने व्यक्त केली होती. कोडी ऱ्होड्स आणि यंग बक्स या रेसलर मंडळींनी ते आव्हान म्हणून घेतलं, शिकागोजवळ हॉफमन इस्टेट्स इथे "ऑल इन" भरवलं, आणि तिकिटं अर्ध्या तासाच्या आत संपली. प्रेक्षक 11,263. कार्यक्रम केबलवरही होता आणि फाइट टीव्हीवरही. पण केबलची वेळ ठरलेली. आधीच्या लढती लांबल्या, आणि शेवटच्या लढतीला, जिच्यात रे मिस्टेरिओ होते, घाईघाईत आटोपावं लागलं. म्हणजे एवढ्या मोठ्या रात्रीही जुना पहारेकरी घड्याळ घेऊन उभा होताच. चार महिन्यांनी, 1 जानेवारी 2019 ला, एईडब्ल्यू या नव्या मोठ्या कंपनीची घोषणा झाली. तिचं मूळ या रात्रीत आहे.

आणि जो पडतो, त्याचं काय?

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे यायचं आहे. या सगळ्या हिशोबात रेसलरला मिळाले सरासरी 200 डॉलर. तो कंपनीचा नोकर नसतो, त्या रात्रीपुरता कंत्राटदार असतो. आरोग्य विमा त्याचा त्यानेच बघायचा. त्याची खरी कमाई अनेकदा मध्यंतरात टेबल मांडून विकलेल्या टी-शर्टांतून होते. कार्यक्रम थेट गेला, पुढे कायम ऑनलाइन राहिला, दहा वर्षं कुणी ना कुणी बघत राहिलं, तरी बहुतेक वेळा त्याचा सौदा त्या एका रात्रीच्या मानधनात संपलेला असतो. त्याला मिळते ती ओळख. त्या व्हिडिओवरून जपानमधून, इंग्लंडमधून बोलावणं येऊ शकतं. काहींना येतं. बहुतेकांना येत नाही.

आणि घरबसल्या बघणारा प्रेक्षक हॉलमधल्यापेक्षा कठोर असतो. हॉलमध्ये जवळून बसलेला धक्का कळतो. पडद्यावर तोच धक्का लहान दिसतो. मग पडद्यासाठी आणखी उंचावरून उडी. मानधन तेच, पडणं जास्त. हा धोका कुठल्याच हिशोबाच्या वहीत लिहिलेला नसतो.

महामारीत हॉल बंद झाले तेव्हा या लोकांची मिळकत एका फटक्यात थांबली. जानेवारी 2021 च्या अखेरीस न्यू जर्सीच्या जीसीडब्ल्यू कंपनीने "फाइट फॉरेव्हर" नावाचा चोवीस तासांचा सलग कार्यक्रम केला, तो मोफत दाखवला आणि प्रेक्षकांकडून रेसलरसाठी मदत मागितली. लोकांनी दिली. त्यात चांगुलपणा होताच. पण एरवीच्या तिकिटातून या माणसांसाठी गाठीला काही उरत नव्हतं, हेही त्यात दिसलं.

तर आपण काय शिकलो? इंटरनेटने दारातला पहारेकरी बराचसा हटवला, ही मोठी गोष्ट आहे. फिलाडेल्फियाच्या हॉलमधला कार्यक्रम पुण्यात बसून बघता येतो, हे 1997 मध्ये कुणी मानलं नसतं. पण पहारेकऱ्याबरोबर त्याने उचललेली जोखीमही गेली नाही, ती खाली सरकली. आधी प्रमोटरवर, आणि प्रमोटरकडून रेसलरवर. तार तुटली तर प्रमोटरचं नुकसान. प्रमोटरचं नुकसान झालं तर पुढच्या वेळी दोनशेचे दीडशे होतात.

शेवटी एक प्रश्न आला आहे, तो घेऊन थांबू. आपल्या मातीतल्या कुस्तीला हे जमेल का? आपल्याकडची कुस्ती वेगळी, निकाल ठरलेला नसतो, आणि गावच्या जत्रेचं मैदान सगळ्यांना खुलं असतं. कोल्हापूरच्या खासबागेसारख्या मैदानावर तिकिटं लागतात, पण जत्रेतल्या अनेक कुस्त्या आज यूट्यूबवर फुकट थेट दिसतात. मैदान गावाचं, इनाम वर्गणीचं, आणि जाहिरातीचा पैसा मात्र बहुधा कॅमेरा लावणाऱ्याचा. उद्या कुणी त्याला तिकीट लावायचं म्हटलं तर यंत्रं मिळतील, प्लॅटफॉर्मही मिळेल. आमचं एवढंच म्हणणं आहे, की प्रक्षेपण सुरू होण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती लोकांनी पैसे भरले हा आकडा पैलवानाला दिसणार का, आणि त्यातला किती वाटा त्याचा. हे आधी ठरलं नाही तर नंतर ठरत नाही, हे अमेरिकेतल्या छोट्या हॉलांनी आपल्याला दाखवून ठेवलं आहे.